एकच तर पायरी आहे!

कॅफे निवडताना आपण वायफाय बघतो, पार्किंग बघतो, फोटो कसे येतील ते बघतो. दारातून आत कोण येऊ शकतं आणि कोण नाही, हे मात्र बघायचं राहून जातं.

पुण्यात चार जणांनी मिळून जेवायला कुठे जायचं हे ठरवणं म्हणजे लग्न जमवण्याइतकं अवघड काम. एकाला पार्किंग हवं, दुसरीला व्हेजचं किचन वेगळं हवं, तिसऱ्याला मॅचसाठी स्क्रीन हवा आणि चौथा 'मला काहीही चालेल' म्हणत प्रत्येक नावावर नाक मुरडणार! ग्रुपवर शंभर मेसेज पडतात, तीन पोल होतात आणि शेवटी सगळे नेहमीच्याच जागी जाऊन नेहमीचंच मागवतात.

माझ्या एका मैत्रिणीची अट मात्र या यादीत कधीच नसते. तिला ना पार्किंगचं टेन्शन ना मेन्यूचं. ती फक्त विचारते, "आत जायला पायऱ्या किती?"

ती आयटीत टेस्टर आहे. बाइकच्या एका अपघातानंतर गेली काही वर्षं ती व्हीलचेअर वापरते. कुठेही जायचं झालं की आधी तिथे फोन करायचा हा तिचा नियम. तिचं म्हणणं, 'बग शोधायचं काम ऑफिसात करते, तसंच बाहेरही करते.' तो फोन साधारण असा होतो:

"हॅलो, तुमच्याकडे आत यायला रॅम्प आहे का?"

"रॅम्प नाही मॅडम, पण पायऱ्या पण नाहीत. म्हणजे फक्त एक आहे."

"किती उंच?"

"अहो, एकच तर पायरी आहे!"

हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलंय की आता ती ते समोरच्याच्या आधी म्हणून दाखवते. गंमत बघा, चालणाऱ्या माणसाला एक पायरी आणि शून्य पायऱ्या यांत काहीच फरक वाटत नाही. चाकांवर असणाऱ्याला एक पायरी आणि वीस पायऱ्या यांत काहीच फरक नसतो. दोन्ही ठिकाणी बाहेरच थांबायचं.

'आम्ही उचलतो ना यार!'

आपण पुणेकर तसे मदतीला तत्पर. दारात व्हीलचेअर दिसली की वॉचमन, वेटर, पलीकडचा पानवाला असे चार जण धावत येतात. 'घ्या रे उचलून!' एक चाक याच्या हातात, दुसरं त्याच्या. वर बसलेली बाई श्वास रोखून. सगळ्यांचा हेतू चांगला असतो, तिला तो कळतोही. पण मोटार असलेली खुर्ची माणसासकट उचलणं हे चार जणांच्याही आवाक्याबाहेरचं काम आहे. साधी खुर्ची चुकीच्या जागी धरली तर पायाचा आधार नाहीतर हात निखळून येतो. आणि समजा सगळं नीट पार पडलं, तरी आपल्याला रोज कुणीतरी पोत्यासारखं उचलून कॉफीपर्यंत नेलं तर कॉफी कितपत गोड लागेल?

त्यात परतीचा प्रवास असतोच. आणि मध्ये टॉयलेट असतं. बाहेर जायचं ठरलं की ती सकाळपासून पाणी कमी पिते. कारण बहुतेक ठिकाणी टॉयलेट एक तर जिन्याखाली, नाहीतर माळ्यावर, आणि दार इतकं अरुंद की खुर्ची आत जाणार नाही. आपण 'मस्त एन्जॉय केलं' म्हणून स्टोरी टाकत असतो तेव्हा टेबलाच्या त्या टोकाला एक जण घड्याळ बघत असते. घरी कधी पोहोचतोय याचा हिशेब चाललेला असतो.

म्हणून मग हळूहळू काय होतं? 'आज नको, काम आहे' असे मेसेज यायला लागतात. टीम लंच, फेअरवेल, कुणाचं प्रमोशन, सगळीकडून एक माणूस गळत जातो. आणि ग्रुपला वाटतं, ती जरा रिझर्व्ह आहे.

'तसं कुणी येतच नाही हो'

आमच्या एरियातल्या एका कॅफेच्या मालकाला मी या पायरीबद्दल विचारलं. माणूस एकदम सज्जन. दारात भटक्या कुत्र्यांसाठी पाण्याचं भांडं ठेवणारा. तो म्हणाला, "करायला काहीच हरकत नाही. पण आमच्याकडे तसे कस्टमर येतच नाहीत हो."

मला वाटतं, सगळी गोम या वाक्यात आहे. पायरी आहे म्हणून ते येत नाहीत. ते येत नाहीत म्हणून ते दिसत नाहीत. ते दिसत नाहीत म्हणून ती पायरी कुणाला खुपत नाही. गाडी इथेच गोल गोल फिरत राहते.

आणि 'ते' आहेत किती? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यातल्या साडेएकोणतीस लाखांहून जास्त एकट्या महाराष्ट्रात. त्याच जनगणनेत पुणे महापालिकेच्या हद्दीतली लोकसंख्या ३१ लाखांच्या आसपास होती. म्हणजे राज्यात जवळपास एक अख्खं पुणे! यात तुमच्या गुडघे दुखणाऱ्या आईची, ज्यांना वॉकर लागतो त्या आजोबांची, प्लॅस्टर घातलेल्या कलीगची आणि बाबागाडी ढकलणाऱ्या वहिनीची मोजदाद नाही. ती धरली तर आकडा कुठल्या कुठे जाईल.

मंगल कार्यालयाचंच घ्या ना. लग्न खाली, पंगत वर. लिफ्ट आहे, पण ती केटररच्या पातेल्यांसाठी. मग घरातली सगळ्यात मोठी माणसं खाली खुर्च्यांवर बसून ताट येण्याची वाट बघतात, आणि वर सगळे विचारतात, 'अरे, आजी कुठे आहे?'

स्कूटरसाठी रॅम्प, माणसासाठी पायरी

जागा नाही, असं एक कारण नेहमी मिळतं. हे पुण्यात कुणी सांगितलं की मला हसू येतं. कारण पुण्यात दुकानासमोर स्कूटर चढवायला रॅम्प असतोच. ज्या फ्रंट मार्जिनमध्ये उतार बसत नाही, तिथे सहा टेबलं, बारा खुर्च्या, कुंड्या, मेन्यूचा फळा आणि सेल्फीसाठी झोपाळा मात्र व्यवस्थित बसतो.

थोडं गणित. रॅम्पचा उतार जास्तीत जास्त एकास बारा असावा असं प्रमाण आहे. म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. सहा इंचाच्या एका पायरीला सहा फूट. तीन पायऱ्या असतील तर अठरा फूट. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी रॅम्प म्हणून जे असतं ती घसरगुंडी असते. तिच्यावरून व्हीलचेअर वर जात नाही आणि खाली आली तर थेट रस्त्यात थांबते. वर गुळगुळीत ग्रॅनाइट बसवलं असेल तर पावसाळ्यात विचारूच नका.

पण गणित उलट बाजूने वाचा. ज्या दुकानांना खरोखर 'एकच तर पायरी' आहे, त्यांचा प्रश्न सहा फुटांचा आहे. कायमचं बांधकाम शक्य नसेल तर उचलून ठेवता येणारा लोखंडी रॅम्प फॅब्रिकेटर करून देतो. चेकर्ड प्लेटचा, म्हणजे चाक घसरत नाही. हवा तेव्हा टाकायचा, एरवी आत ठेवायचा. दारात एक बेल आणि 'रॅम्प हवा असल्यास वाजवा' अशी पाटी. बस्स!

कॅनडात टोरांटोला 'स्टॉपगॅप' नावाची संस्था हेच करते. एका पायरीच्या दुकानांसाठी भडक रंगांचे छोटे उचलते रॅम्प. रंग भडक, कारण रस्त्यावरून जाणाऱ्याने बघावं आणि विचारावं, हे काय आहे? इकडे आमच्या गल्लीतल्या एका मेडिकलवाल्या काकांनी असाच एक रॅम्प करून घेतला, बिनरंगाचा. तो बसवल्यावर सगळ्यात जास्त कुणी वापरला? औषधांचे खोके ट्रॉलीवरून आणणाऱ्या डिलिव्हरीच्या मुलाने. मग वॉकरवाल्या आजींनी. काका आता म्हणतात, 'मी लोकांसाठी केला, पण पाठ माझी वाचली.'

फुटपाथचं काय?

दार सुटलं, पण दारापर्यंत यायचं कसं? जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ रुंद झाले तेव्हा तिथे चालायला लोक मुद्दाम गेले, हे आपण पाहिलंय. चालायला चांगली जागा दिली की शहर चालतं. २०२१ पासून पुणे महापालिका ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा करते, त्या दिवशी लक्ष्मी रोड गाड्यांना बंद असतो. फार छान वाटतं. उरलेल्या ३६४ दिवसांचं काय, एवढाच प्रश्न आहे.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या सूचना सांगतात, फुटपाथची कड १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सहा इंचांपेक्षा उंच नको आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. आता तुमच्या ऑफिसबाहेरचा फुटपाथ आठवा. कड गुडघ्याला लागते. वर चढलात की महावितरणचा डीपी, मग झाड, मग झाडाभोवतीचा कट्टा, मग पार्क केलेली बाइक. कुणी बाइक चढवू नये म्हणून खांब लावले जातात, पण ते इतके जवळ जवळ की व्हीलचेअरच अडते. बाइकवाला पुढच्या दुकानाच्या रॅम्पवरून आरामात वर येतो.

मुंबईत याच खांबांवरून प्रकरण हायकोर्टात गेलं. व्हीलचेअर वापरणाऱ्या एका मुंबईकराने खांबांमुळे फुटपाथवर जाता येत नाही असं ईमेलने कळवलं आणि २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची जनहित याचिका म्हणून दखल घेतली. एक ईमेल! आपण ऑफिसात दिवसाला पन्नास पाठवतो.

पुणे मेट्रोच्या स्टेशनांत लिफ्ट आहेत, फरशीवर पिवळ्या पट्ट्या आहेत. २०२२ च्या मार्चमध्ये मेट्रो सुरू झाल्यावर माझी ती मैत्रीण सगळ्यात आधी तिथेच गेली होती. कुणाच्या मदतीशिवाय ती स्टेशनात शिरली, गाडीत बसली, उतरली, लिफ्टने खाली आली. आणि रस्त्यावर पोहोचल्यावर पहिल्याच फुटपाथने तिला अडवलं. कोट्यवधींचं काम सहा इंचांपाशी येऊन थांबलं.

नुसती चाकांची गोष्ट नाही

आता त्या पिवळ्या टाइल्सबद्दल. आपल्यापैकी अनेकांना ते डिझाइन वाटतं. ती एक भाषा आहे. उभ्या रेषा म्हणजे 'चालत राहा', गोल ठिपके म्हणजे 'थांबा, पुढे काहीतरी आहे'. सेइइची मियाके या जपानी गृहस्थाने आपल्या दृष्टी जात असलेल्या मित्रासाठी त्या तयार केल्या, आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. आपल्याकडे फुटपाथवर त्या कधी कधी थेट झाडाच्या बुंध्यापाशी नेऊन सोडतात. काठीच्या आधाराने चालणाऱ्या माणसाला आपण त्याच्या भाषेत लिहून दिलेली ती चुकीची माहिती असते. भाजीची पाटी त्या पट्टीवर ठेवली तरी परिणाम तोच.

एटीएमचा किस्सा तर भारीच आहे. रिझर्व्ह बँकेने १ जुलै २०१४ पासून नव्याने बसणाऱ्या सगळ्या एटीएमना आवाज आणि ब्रेल कळा सक्तीच्या केल्या. मशीन बोलतं. पण बोलणारं मशीन तीन पायऱ्या वर असतं आणि काचेचं जड दार बाहेरच्या बाजूला उघडतं.

याउलट काही गोष्टी कुणी ठरवून केल्या नाहीत तरी कामाला आल्या. दुकानातला पेमेंटचा साउंडबॉक्स! 'पन्नास रुपये प्राप्त झाले' हे तो ओरडून सांगतो, आणि डोळ्यांनी न दिसणाऱ्या विक्रेत्याला पैसे आले की नाही हे दुसऱ्याला विचारावं लागत नाही. क्यूआर मेन्यूही तसाच. तो साध्या मजकुरात असेल तर फोन तो वाचून दाखवतो. पण मेन्यूकार्डाचा फोटो काढून चिकटवला असेल तर फोनला अक्षरं सापडतीलच असं नाही. फुकटात होण्यासारखी दुरुस्ती आहे ही. कर्णबधिर गिऱ्हाइकासाठी काउंटरवर एक पाटी-पेन्सिल ठेवली तरी चालेल. आणि म्युझिकचा आवाज थोडा कमी केलात तर ते आम्हा सगळ्यांवरच उपकार होतील.

कायदा काय म्हणतो बॉस?

हे सगळं 'केलं तर पुण्य' अशा खात्यात टाकायचं नाही, कारण हा कायदा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, यात २१ आहेत. आणि यातली 'सार्वजनिक इमारत' म्हणजे नुसती सरकारी कचेरी नव्हे. लोकांचा वावर असलेली खासगी इमारतही त्यात येते: दुकान, ऑफिस, दवाखाना, देऊळ, थिएटर आणि हो, कॅफेसुद्धा. नियम पाळले नसतील तर नव्या इमारतीला परवानगी नाही, पूर्णत्वाचा दाखलाही नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम निघाले जून २०१७ मध्ये, तेव्हा मुदत संपली जून २०२२ मध्ये. कायदा मोडल्यास पहिल्यांदा १० हजारांपर्यंत दंड, नंतर ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत.

मग घोडं अडलं कुठे? ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यावर नेमकं बोट ठेवलं. कायदा सक्ती करतो, पण त्याखाली जी मार्गदर्शक तत्त्वं लावली जातात त्यांची भाषा 'केलंत तर बरं' अशी शिफारशीची आहे. न्यायालयाने हा नियम, म्हणजे नियम १५, कायद्याशी विसंगत ठरवला आणि तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा असं केंद्राला सांगितलं.

तुमच्या ऑफिसलाही यातून सुटका नाही. या कायद्यानुसार प्रत्येक आस्थापनेला 'समान संधी धोरण' जाहीर करावं लागतं. खासगी कंपनीत २० किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर कुठल्या सोयी आहेत आणि हे काम बघणारा अधिकारी कोण, हेही त्यात लिहावं लागतं. एचआरला विचारून बघा. मेल केल्यावर किती दिवसांनी उत्तर येतं तेही मोजा. तक्रार पुढे न्यायचीच झाली तर राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय आपल्या पुण्यातच आहे.

आणि शब्दावरून वाद घालायचा असेल तर माझ्या मैत्रिणीचं मत नोंदवून ठेवते: "मला अपंग म्हणा, दिव्यांग म्हणा, नावाने हाक मारा. पण दार रुंद ठेवा."

एवढं तर जमेल ना?

• टेबल बुक करताना विचारा: "पायरी आहे का? टॉयलेट कुठे आहे? त्याचं दार किती रुंद?" तुमच्यासोबत व्हीलचेअर नसली तरी विचारा. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की मालकाच्या डोक्यात दिवा लागतो.

• दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे साधारण तीन फूट असावी. हा एक आकडा लक्षात ठेवा.

• गुगल मॅप्सवर रिव्ह्यू लिहिताना कॉफीबरोबर दाराबद्दलही दोन ओळी लिहा. पायरीचा फोटो टाका. कुणाची तरी वाया जाणारी एक चक्कर वाचेल.

• पिवळ्या पट्टीवर बाइक लावू नका. दोन मिनिटांसाठीसुद्धा.

• मदत करायची असेल तर आधी विचारा. खुर्चीला, काठीला, हाताला न विचारता हात लावायचा नाही. बोलायचं ते त्या व्यक्तीशी, तिच्याबरोबर आलेल्याशी नाही. 'यांना काय आणू?' हा प्रश्न वेटरकडून आला तर कटाक्षाने 'त्यांनाच विचारा' म्हणा.

• दुकान, क्लिनिक, क्लास तुमच्या घरचाच असेल तर आज संध्याकाळी टेप घेऊन पायरी मोजा. आणि त्या इंचांना बाराने गुणा.

यातलं एकही काम अवघड नाही. आपण रोज ज्या दारातून आत जातो तिथे उद्या जाताना एकदा खाली बघायचं, एवढंच. आणि कुणी म्हणालंच, 'अहो, एकच तर पायरी आहे!', तर हसून सांगायचं, 'म्हणूनच म्हणते, काढायला सोपी आहे.'